दोन चुलींचं मोले

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, कारण तो हक्क माझा आहे. सव्वीस वर्षं एका अंगणात, एका नळावर काढली आहेत आम्ही. त्यांचं नाव देल्फिना. गाव त्यांना देल्फिनाबाई म्हणतं, तरणी मंडळी काकू म्हणतात, आणि मी समोर जाऊबाई म्हणते. पाठीमागे काय म्हणते ते इथे सांगायची गरज नाही.

बुटक्या, रुंद, आणि हसल्या की तीन घरं पलीकडे कळतं. कानात सोन्याच्या तारेचे लोंबते झुमके, आईने दिलेले. झोपतानासुद्धा काढत नाहीत. आमच्या सान मेल्चोरमध्ये लग्न असो, बारसं असो, नाहीतर गावच्या संताचा उत्सव, काळं मोले त्यांच्याच हातचं लागतं. तसं मोले सगळ्याच बायकांना येतं. मिरच्या तव्यावर काळ्या होईस्तोवर भाजायच्या, पण जळू द्यायच्या नाहीत. तीळ, बदाम, पिकलं केळं, चॉकलेट, सगळं पाट्यावर वाटायचं आणि टर्कीच्या रश्शात घोटत बसायचं. मीही करते. माझं मोले खाऊन लोक म्हणतात, छान झालंय. जाऊबाईंचं खाऊन काही बोलत नाहीत, नुसतं ताट पुढे करतात. काय समजायचं ते मी समजून घेतलेलं आहे.

चोवीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, म्हणजे आमचे अबुंदिओ भाऊजी, मेस्काल दारूच्या पायी घर विकायला निघाले होते. तेव्हा वरच्या आळीतल्या एलिसेओ पाळकांनी त्यांना हाताला धरून त्यातून बाहेर काढलं. भाऊजी पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात जायला लागले, त्यांच्यामागून जाऊबाई, आणि त्यांच्यामागून आम्ही. सगळं गाव कॅथलिक, आणि आम्ही चाळीस माणसं ही अशी वेगळी, प्रोटेस्टंट. पहिल्याच महिन्यात मंडळीतले, म्हणजे प्रार्थनामंदिरातले, लोक जाऊबाईंना सांगायला आले की आता संताच्या उत्सवाचा स्वयंपाक बंद करा.

"टर्की कुठल्या चर्चला जाते ते मला ठाऊक नाही," जाऊबाई म्हणाल्या, "आणि मिरच्यांचा बाप्तिस्मा झालेला नसतो. देवाने पिकवलं ते मी रांधते. कोण कुणाच्या नावाने जेवतो ते त्यांचं ते बघतील."

अशी बाई. भीती म्हणून नाही कशाची. आमच्यातले बरेच जण नवा धर्म घेऊन आणखीनच घाबरट झाले होते. याला हात लावू का, तिथे बसू का, हे गाणं कानावर पडलं तर चालेल का. जाऊबाई मात्र सुटलेल्या वासरासारख्या. त्या म्हणायच्या, देवाने मला सोडवलं ते काय दुसऱ्या खुंटीला बांधायला?

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्या आपल्या थोरल्या बहिणीकडे जेवायला जायच्या. फौस्ताताई. पक्की कॅथलिक, मोठ्या चर्चच्या मागेच घर, आणि आवाज घंटेपेक्षा मोठा. मृतांचे दिवस आले की फौस्ताताईंची वेदी बघायला लोक लांबून येतात. झेंडूची कमान, धूप, पाव, फळं, फोटो, आणि मधोमध मोलेची हंडी. आमच्या गावात हे मोले रांधताना चाखत नाहीत. पहिला घास पाहुण्यांचा. पाहुणे म्हणजे गेलेली माणसं, एक तारखेला येतात. दोन तारखेच्या दुपारी बाराची घंटा झाली की ते निघतात, आणि मग घरच्यांनी हात लावायचा. आईबाप, काका, आज्या, सगळ्यांच्या नावाने ठेवलेलं ते जेवण मग घरोघर वाटतात. आमच्या मंडळीतले लोक ते खात नाहीत. मृतांच्या ताटातलं म्हणून.

जाऊबाई खायच्या. खुशाल खायच्या, भाकरी बुडवून बुडवून. "मेलेल्यांना नाक कुठलं वास घ्यायला?" म्हणायच्या. "ते प्रभूपाशी. इथे आहे ती माझी बहीण, पहाटे उठून राबलेली. तिच्या ताटाला नाही कसं म्हणू?" मी पण त्यांच्याबरोबर जायची. माझं काही एवढं मोठं तत्त्व नव्हतं, मला मोले आवडतं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निकानोर म्हणून एक गवंडी आहे, तिशीतला, हाडकुळा, भिंत अशी सरळ उचलतो की बघत राहावं. त्याची बायको सिरेनिया त्या वर्षी जानेवारीत गेली, तापाने, आठ दिवसांत. सिरेनिया फौस्ताताईंची धर्मकन्या, बाप्तिस्म्याला त्यांनीच हातात धरलेली. बायको गेल्यावर निकानोर आमच्या मंडळीत आला आणि जूनमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. नवा विश्वासी, त्यामुळे सगळं अक्षरशः पाळणारा. नोव्हेंबर आला तर त्याने घरी वेदी मांडली नाही. एक फूलसुद्धा नाही. दोन तारखेला सकाळी तो आपल्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला जाऊबाईंनी पाहिला आणि त्यांचं काळीज हललं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "एकटा बसून काय करतोस? चल ताईकडे. चार माणसांत बरं वाटेल."

हे त्यांच्या चांगुलपणाने झालं, हे मी शपथेवर सांगेन. पण चूक ती चूक. फौस्ताताईंकडे वेदीवर सगळ्या म्हाताऱ्यांच्या फोटोंत एक नवा फोटो होता, सिरेनियाचा, लग्नातला. निकानोर दारातच थांबला. मग घंटा झाली, फौस्ताताईंनी हंडी खाली उतरवली आणि सगळ्यांची ताटं भरली. निकानोरने ताट हातात धरलं आणि जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई जेवत होत्या आणि बहिणीला कुठलीतरी गंमत सांगत होत्या. तेव्हा तोही जेवला. घास मोजल्यासारखा, मान खाली घालून, संपूर्ण ताट. मी बघितलं, आणि मनात म्हटलं, बरं झालं, पोटात काहीतरी गेलं.

त्यानंतर तो मंडळीत आला नाही. एक रविवार, दोन रविवार, सहा रविवार. भेटला तर मान वळवायचा. शेवटी जाऊबाई तो काम करत होता तिथे, शाळेच्या कुंपणापाशी, जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. मला बोलावलं नव्हतं.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं. "माझ्यावर रागावलास?"

"तुमच्यावर नाही, काकू," तो म्हणाला. थापी हातात तशीच. "तुम्हाला ते नुसतं मोले होतं. मला ते तिचं ताट होतं."

त्याने थापी घमेल्यात टाकली.

"घरी मी वेदी मांडली नाही. का, तर मी आता प्रभूचा. ती आली असेल, तर घरात दिवासुद्धा नाही बघून धर्ममातेकडे गेली असेल. आणि तिथे मीच तिच्यातलं खात बसलेलो. आणि आलीच नसेल, तर मग मी प्रभूला शब्द देऊन पाच महिन्यांत मृतांच्या ताटातलं खाल्लं. कसंही धरा, मी दोघांचा चोर."

"मनात असं होतं, तर खाल्लंस कशाला?" मीच विचारलं. माझं तोंड गप्प बसत नाही.

"काकू खात होत्या," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना इतका वेळ गप्प मी त्यांच्या आईच्या मातीलाही पाहिलं नव्हतं. अंगणात आल्यावर नळापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "ओतिलिया, मी मोकळी होते ते खरं. पण तो माझा हात धरून चालत होता, आणि मी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी ताईला गंमत सांगत होते."

"अहो, तुमचं काय चुकलं? तुमचं मन स्वच्छ होतं ना?"

"माझं होतं. त्याचं नव्हतं. आणि माझ्या स्वच्छ मनाने त्याच्या पोटात काटा घातला." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "संपलं. त्याला जोवर हे सलतंय, तोवर वेदीवरचं मी खाणार नाही."

मला रागच आला. मी म्हटलं, एका माणसाचं मन कच्चं म्हणून तुम्ही बावीस वर्षांचं आपलं ताट सोडणार? उद्या कोणी म्हणेल मला तुमचं हसणं सलतं. त्या म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा बघू. खरं कारण माझं वेगळंच होतं. त्या जाणार नाहीत म्हणजे मलाही जाता येणार नव्हतं.

निकानोरला त्यांनी जाऊन सांगितलं. तो परत मंडळीत यायला लागला, पण शेवटच्या बाकावर, दाराशी. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा भाकरीचं ताट त्याच्यापर्यंत आलं की तो त्यातलं न घेताच शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी बहुतेक वेळा मीच. महिन्यामागून महिने. आपण त्या पंगतीच्या लायकीचे नाही असं त्याने धरलं होतं. जाऊबाई पुढच्या बाकावर बसतात, पण त्यांना सगळं कळायचं. दर वेळी बाहेर पडताना मला विचारायच्या, "घेतलं?" मी मान हलवून नाही म्हणायची.

ही गोष्ट एलिसेओ पाळकांच्या कानावर गेली. पाळक मनाने सज्जन आहेत, पण नियम करायला मिळाला की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांनी ठरवलं की व्यासपीठावरून जाहीर करायचं: वेदीवरचं खाणं हे पाप. जाऊबाई तिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आमच्याकडे उपासनेत बाई मधेच उभी राहत नाही.

"पाळकसाहेब, पाप नाही ते," त्या म्हणाल्या. "मोलेत पाप असतं तर मला ते वाटताना दिसलं असतं. मी खाणार नाही, पण ते माझं मी सोडलंय, या आपल्या भावासाठी. तुम्ही नियम केलात तर माझं देणं देणं राहत नाही, ती जकात होते. आणि मग उद्या कोणी खाल्लं की हीच चाळीस माणसं त्याला दगड मारतील."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि गीत सांगितलं. नियम काही झाला नाही.

पण बातमी पसरली की देल्फिनाबाई दुसऱ्याच्या मनासाठी आपलं सोडतात, आणि मग काय, रांग लागली. एउतिमिया म्हणून एक आहेत, पुढच्या बाकावरच्या, तोंड कायम आंबट. त्या घरी आल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "भगिनी, तुमच्या झुमक्यांनी माझ्या विवेकाला फार ठेच लागते."

जाऊबाईंनी त्यांना गरम चॉकलेट करून प्यायला दिलं. मग विचारलं, "मी झुमके घातले म्हणून तुम्ही घालणार आहात का? रात्रीची झोप जाईल, प्रभूपासून लांब जाल, असं काही?"

"छे, मी कशाला घालते."

"मग तुमच्या विवेकाला ठेच लागलेली नाही. तुम्ही नाक मुरडताय. नाकासाठी मी काही सोडत नाही."

एउतिमियाबाईंनी चॉकलेट मात्र संपवलं. त्या दिवशी मी जाऊबाईंवर इतकी खूश झाले की त्यांचीसुद्धा भांडी घासली.

वर्ष फिरलं, ऑक्टोबर आला, आणि खरी अडचण उभी राहिली. फौस्ताताईंना कोण सांगणार? पाळकाशी भांडणं सोपं, फौस्ताताईंना नाही म्हणणं अवघड. त्या बहिणींचे आईवडील, एक भाऊ, सगळे त्या वेदीवर. दोघींत एवढी एकच गोष्ट उरली होती जी नव्या धर्माने तुटली नव्हती: दोन तारखेचं ते एकत्र जेवण.

जाऊबाई गेल्या आणि सरळ सांगून टाकलं. मी अर्थातच बरोबर.

"बावीस वर्षं तुमच्या देवाला चाललं," फौस्ताताई म्हणाल्या, "आणि आता एका गवंड्याला चालत नाही म्हणून मी टाकून दिलेली?"

"तुला कोण टाकतंय, ताई? मी येणार, बसणार, तुझी बोलणी खाणार. फक्त वेदीवरचं ताट नको. एक कर. वेदीवर ठेवायच्या आधी हंडीतून एक वाटी मला बाजूला काढून दे. ती मी घरी नेऊन खाईन, आणि निकानोरलाही सांगेन की ही आधीची आहे."

फौस्ताताईंचा चेहरा पांढरा पडला. "पाहुण्यांच्या आधी? त्यांच्या हंडीतून? आईच्या आधी तू जेवणार? देल्फिना, तुझ्या त्या गवंड्याला मन आहे, मला नाही का?"

आणि हे खरं होतं. जाऊबाई एकाचं मन सांभाळायला गेल्या तर दुसरीच्या मनावर पाय पडला. पुढे तीन आठवडे बहिणी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत. इकडून "तिला सांग मला माफ कर," आणि तिकडून "तिला सांग मला ऐकू येत नाही." मी वर-खाली करून दमले. जाऊबाईंनी जेवण कमी केलं, एक दिवस मिरच्या जाळल्या, आख्खा तवा. त्यांच्या हातून मिरच्या जळल्या हे ऐकून अबुंदिओ भाऊजी घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाले होते.

दोन तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला फौस्ताताईंचा निरोप आला. माझ्यामार्फत नाही, त्या स्वतःच आमच्या फाटकात येऊन उभ्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्ध्या तासात या. त्या गवंड्यालाही आणा," आणि गेल्या.

निकानोर येईना. जाऊबाई म्हणाल्या, "खायचं नाहीस तर खाऊ नकोस. मी पण खाणार नाही. पण ताईने स्वतः बोलावलंय, तर येऊन बस." तेव्हा आला.

बघतो तर फौस्ताताईंच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली दुसरी चूल. त्यावर एक लहान हंडी, आणि चुलीशेजारी निराळा पाटा, शेजारणीकडून मागून आणलेला. आत वेदीवर मोठी हंडी होतीच.

"ही आतली पाहुण्यांची," फौस्ताताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि ही बाहेरची माणसांची. मिरच्या वेगळ्या, पाटा वेगळा, चमचा वेगळा, टर्कीसुद्धा वेगळी, जिवंतपणीच एकमेकींशी पटत नव्हतं त्यांचं. ही हंडी घरात गेलेली नाही. हिला धूप लागलेला नाही. बसा."

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काल दिवसभर आणि आज पहाटेपासून बहीण एकटी दोन-दोन पाटे वाटत बसली होती, वय सदुसष्ट, खांदा धरलेला. त्यांनी उठून तिचा हात धरला, तर ती म्हणाली, "रडायचं नंतर, निवतंय."

ताटं भरली. पण निकानोरचा हात पुढे जाईना. तो हंडीकडे बघत होता, मग आतल्या वेदीकडे, मग परत हंडीकडे. चुलीवर धुराचा वास, दारातून धुपाचा वास, आणि मोले दोन्हींकडे तेच काळं. जाऊबाईंनीही आपलं ताट खाली ठेवलं, तो खात नाही तोवर मी नाही म्हणून. मीही ठेवलं, जिवावर आलं होतं तरी.

"आई," तो फौस्ताताईंना म्हणाला, लग्नापासून तो त्यांना आई म्हणतो, "तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. पण माझं मनच मानत नाही. माफ करा."

फौस्ताताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भडकतील. त्यांनी चमचा उचलला, बाहेरच्या हंडीत बुडवला, आणि घंटेला अजून तासभर असताना, पाहुणे घरात असताना, सरळ तोंडात घातला.

आम्ही तिघंही बघतच राहिलो. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात या बाईने या दिवशी घंटेआधी मोले जिभेला लावलं नव्हतं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "पाहुण्यांचं असतं तर मी मेले असते तरी चाखलं नसतं. हे तुझं आहे. आता तरी..." आणि मधेच थांबल्या. जीभ टाळ्याला लावून बघितली. परत एक चमचा घेतला. "देल्फिना."

"काय गं?"

"यात मीठ नाही."

जाऊबाई जमिनीकडे बघायला लागल्या.

"अंदाजाने घातलं होतं. आतल्यात घातलं तेवढंच. दरवर्षी घालते तेवढंच." फौस्ताताईंचा आवाज बारीक होत गेला. "म्हणजे आतलंही अळणी?"

"आता मला काय माहीत, मी ते खात नाही ना."

"आणि मागची बावीस वर्षं? खरं सांग, तुला आईची शपथ."

"शपथ घालू नकोस," जाऊबाई म्हणाल्या, "आम्ही शपथा घेत नाही." मग हळूच, "काही वर्षी जरा होतं मीठ."

"नंतर मीही जेवायचे की. मला कसं नाही कळलं?"

"तुम्ही वर तिखट-मीठ घालून लिंबू पिळल्याशिवाय कधी घास घेतलात?" मी म्हटलं.

फौस्ताताई मटकन चुलीपाशी बसल्या. "आईला," म्हणाल्या, "बाबांना. इतकी वर्षं अळणी वाढलं मी. आणि गावातली सगळ्यात मोठी मोले करणारी माझ्यासमोर बसून बोटं चाटत होती. एक शब्द बोलली नाही."

"तू न चाखता करतेस, त्यांच्या मानासाठी," जाऊबाई म्हणाल्या. "मी काय सांगू, ताई, चाखून बघ म्हणून?"

आणि मग एक आवाज आला. निकानोर हसत होता. बायको गेल्यापासून त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याला आवरेना, पोट धरून वाकला.

"सिरेनिया खिशात मीठ आणायची," तो म्हणाला. "इथे यायला निघाली की पुडी बांधायची. मला म्हणायची, धर्ममातेला कळता कामा नये, तिला वाईट वाटेल. मला पण देत असे, टेबलाखालून." हसता हसता तो रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा, आणि फौस्ताताईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं. जाऊबाईही रडल्या. मी मिठाची बरणी शोधायला स्वयंपाकघरात गेले, कारण कोणीतरी जायला हवं होतं.

बरणी मी निकानोरच्या हातात दिली. त्याने आपल्या ताटात मीठ घातलं, जाऊबाईंच्या ताटात घातलं, ढवळलं, आणि खाल्लं. मग त्याने नुसतं ताट पुढे केलं. फौस्ताताईंनी वाढलं आणि ती बरणी उचलून आत गेल्या. वेदीवर चिमूटभर मीठ असतंच रीतीप्रमाणे. त्यांनी सिरेनियाच्या फोटोपुढे चांगलं मूठभर ठेवलं. निकानोर अंगणातूनच बघत होता. आत गेला नाही, आणि कोणी त्याला चल म्हटलं नाही.

बाराची घंटा झाली. फौस्ताताई आतलं मोले घेऊन आमच्यात येऊन बसल्या. निकानोर जाऊबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही घ्या हवं तर बहिणीच्या ताटातलं. मला आता काही होणार नाही."

"असू दे," जाऊबाई म्हणाल्या, "ते अळणी आहे."

फौस्ताताईंनी त्यांना लाटणं फेकून मारलं नाही एवढंच.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. निकानोर दाराशी शेवटच्या बाकावर, मी त्याच्या शेजारी. भाकरीचं ताट पुढून हातोहात येत होतं. त्याच्यापर्यंत आलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि इतका वेळ धरून ठेवलं की मला वाटलं, आताही सरकवणार. मग त्याने एक तुकडा घेतला, तोंडात घातला, आणि ताट माझ्याकडे दिलं. बाहेर पडताना जाऊबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "घेतलं?" मी नुसती मान हलवली, या वेळी होकाराची, आणि त्या माझ्या गळ्यात पडून सगळ्या मंडळीसमोर रडल्या.